मंगळवारचं मत आणि गुरुवारचं मत

पार्लरवालीने आयुष्यात एकही मालिका धड बघितलेली नव्हती, आणि ही गोष्ट तिच्या नवऱ्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. दिवसभर उभं राहून तिचे पाय असे भरून यायचे की घरी टीव्ही लागला की नटनट्यांची नावं सरकून जायच्या आत तिचे डोळे मिटायचे. नवरा बस चालवायचा. दिवसभर रस्त्यावर डोळे ताणून बसणारा हा गृहस्थ घरी येऊन पुन्हा गाड्यांच्या पाठलागाचेच सिनेमे बघायचा आणि ‘अशी वळवल्यावर उलटेल नाही तर काय’ म्हणून त्या पडद्यावरच्या ड्रायव्हरांची खरडपट्टी काढायचा. शेजारी बायको घोरते याचं त्याला काही नव्हतं. उलट तो म्हणायचा, हिच्यासोबत सिनेमा बघायला बरं पडतं, मधे मधे प्रश्न विचारत नाही.

एवढं असूनही, त्या अख्ख्या रस्त्यावर मालिका-सिनेमांची सगळ्यात जास्त खबर कुणाला, असं कुणी विचारलं असतं तर सगळ्यांनी पार्लरवालीकडेच बोट दाखवलं असतं. केस धुवायला मान मागे टाकली आणि डोक्यावर कोमट पाणी पडलं की माणूस बोलायला लागतो. पूर्वी लोक सुनेबद्दल बोलायचे, जावयाबद्दल बोलायचे. हल्ली घरच्यांबद्दल बोललं की ते घरी पोचतं, म्हणून शहाणी माणसं मालिकेतल्या लोकांबद्दल बोलतात. ‘ती थोरली आहे ना, इतकी मतलबी बाई मी बघितली नाही,’ असं कुणी कळवळून म्हणालं तर पार्लरवाली आधी अंदाज घ्यायची, ही थोरली पडद्यावरची की घरातली. बहुतेक वेळा ती दोन्ही असायची.

ज्या बाईच्या हाताखाली ती हे काम शिकली, त्या बाईने तिला दोन गोष्टी घोटून घोटून शिकवल्या होत्या. एक, खुर्चीत जो बसलाय त्याचं खरं. दुसरी, कोण काय म्हणालं ते सांगायला हरकत नाही, पण कोण म्हणालं ते कधीही सांगायचं नाही. पार्लरवाली या दोन नियमांवर जगत होती. सकाळी कुणी म्हणालं की तो दंतवैद्याचा खूनपट एकदम भिकार, पहिल्या दहा मिनिटांत मी खुनी ओळखला, तर ती म्हणायची, ‘हो ना, लहान पोरसुद्धा ओळखेल.’ दुपारी कुणी म्हणालं, काय सिनेमा आहे, शेवटपर्यंत पत्ता लागू देत नाही, तर तीच कात्री चालवत ती म्हणायची, ‘एक जण म्हणत होत्या पहिल्यांदाच कळतं म्हणून. मी म्हटलं, असं कसं कळेल?’ तिचं स्वतःचं असं एकच मत होतं, आणि ते तिने कुणा गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नव्हतं. पावसात तासभर भिजून आलेल्या नायिकेच्या केसांची वळणं जशीच्या तशी कशी राहतात, हे तिला मान्य नव्हतं. तेही तिने झोपायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात बघितलं होतं.

आता मंगळवार आणि गुरुवारचं सांगायला हवं. मंगळवारी ग्रंथपालबाई यायच्या. वाचनालयात उभा जन्म लोकांना ‘हळू बोला’ सांगण्यात गेलेला, त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्या जरा मोठ्यानेच बोलायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांना न्हाणीघरात वाकून केस धुणं जमेना, म्हणून आठवड्यातून एकदा त्या पार्लरमध्ये येऊन केस धुऊन घ्यायच्या. गुरुवारी बेकरीवाल्या काकू यायच्या. सगळा आठवडा भट्टीपुढे उभं राहून त्यांच्या केसांत इतका मैदा बसायचा की पहिलं पाणी पांढरं निघायचं. या दोघी सख्ख्या बहिणी. बाई थोरल्या, काकू धाकट्या. पूर्वी दोघी एकाच दिवशी यायच्या, दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसायच्या, आणि एकीचे केस कापून होईपर्यंत दुसरीने आख्खा सिनेमा सांगून संपवलेला असायचा. मग दोन वर्षांपूर्वी दोघींनी, एकमेकींना न सांगता, एकाच आठवड्यात पार्लरवालीला वेगवेगळं गाठून विचारलं, ‘ती येते तो वार सोडून दुसरा कुठला वार आहे?’ दुसऱ्या खुर्चीवर तेव्हापासून टॉवेलांचा ढीग होता.

भांडण कशावरून, तर एका मालिकेच्या शेवटच्या भागावरून. हसू नका. जहाजावरची ती मालिका दोघींनी मिळून बघायला घेतली होती, दर शुक्रवारी, बाईंच्या घरी, एका वेळी एकच भाग. एकीने पुढे जायचं नाही, असा ठराव. शेवटचा भाग उरला आणि बाईंना दवाखान्यात जावं लागलं. त्या बऱ्या होऊन घरी आल्या, पाठीला उशा लावून बसल्या, धाकटीला बोलावून घेतलं, टीव्ही लावला, तर त्या शेवटच्या भागाखालची लाल रेघ टोकापर्यंत भरलेली. म्हणजे कुणीतरी तो पूर्ण बघून झालेला. घराची किल्ली धाकटीकडेच होती. बाईंनी विचारलं, ‘बघितलास?’ काकू म्हणाल्या, ‘हो.’ संपलं. ‘मी तिकडे टेबलावर पोट फाडून पडलेली आणि ही इकडे माझ्याच सोफ्यावर पाय पसरून,’ असं बाईंनी पार्लरवालीला एकदाच सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. तो भाग त्यांनी रागाने आजतागायत बघितला नव्हता. काकूंनी या प्रकरणावर एक अक्षर काढलं नाही. मैदा धुऊन निघेपर्यंत डोळे मिटून पडून राहायच्या, एवढंच.

मात्र दोघी बघायच्या तेच. या दोन वर्षांत सगळ्यात जास्त चघळली गेली ती हॉटेलवाली मालिका. मंगळवारी बाई सांगायच्या की तो दारावरचा म्हातारा लंगडायचं सोंग करतो, नीट बघा, जिना चढताना त्याचा पाय बदलतो. गुरुवारी पार्लरवाली काकूंच्या डोक्याला फेस करता करता म्हणायची, ‘एक जण म्हणत होत्या, तो म्हातारा खरा लंगडा नाहीच.’ काकू क्षणभर डोळे उघडायच्या. ‘असं म्हणत होत्या? हं. आणि एवढं लक्ष देणाऱ्यांना त्या हॉटेलात सगळे जेवण अर्धं टाकून उठतात ते दिसत नाही? एकाने तरी पाव पुसून खाल्लाय का आजवर?’ पुढच्या मंगळवारी तो पाव बाईंपर्यंत पोचायचा. ‘एक जण म्हणत होत्या, अन्न वाया घालवतात.’ बाई नाक उडवायच्या. ‘त्या एक जणीला म्हणावं, दुःखात माणसाला जेवण जात नाही. सगळ्यांचं थोडंच तिच्यासारखं असतं.’ असं दोन वर्षं चाललं होतं. पार्लरवालीला यात काही विशेष वाटत नव्हतं. ती सगळ्यांचंच सगळ्यांना सांगायची.

त्या गुरुवारी काकू आल्या त्या नेहमीसारख्या धाडकन बसल्या नाहीत. गळ्याभोवती टॉवेल लावून घेतला आणि आरशात बघत म्हणाल्या, “पुढच्या गुरुवारी जरा छान करून दे. त्यानंतरच्या रविवारी मी मुलाकडे चाललेय.”

“किती दिवस?”

“कायमची. बेकरी कामगारांच्या हवाली केली. गुडघे म्हणतात आता पुरे. सुनेचेही दिवस भरत आलेत. तिकडे मुलगा म्हणतो, विमानातून उतरल्यावर तुला काही काम करू देणार नाही. बघू, किती दिवस टिकतं त्याचं.” काकू हसल्या, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. “कुणाला बोलू नकोस इतक्यात. कामगारांनीही गुपित ठेवलंय. मला तो निरोप समारंभ वगैरे नको.”

“आणि बाईंना?” पार्लरवालीच्या तोंडून निघून गेलं.

“कुणालाच नको म्हटलं ना.” पार्लरवालीने ‘नाही सांगत’ म्हणून कबूल केलं, तेव्हा काकूंनी मान मागे टाकली. पाणी सुरू झालं. बऱ्याच वेळाने, डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, “त्या हॉटेलवालीत नवरा परत आला, बघितलंस? दहा वर्षांनी. बायकोने दार उघडलं आणि घेतला आत. माझं म्हणणं, घ्यावं. आधी गरम काहीतरी पाजावं, मग काय ते विचारावं.”

“बरोबर आहे,” पार्लरवाली म्हणाली. नियम म्हणजे नियम.

पुढचे चार दिवस तिला ना धड जेवण गेलं ना झोप लागली, आणि झोप लागत नाही म्हणून तिने पहिल्यांदाच नवऱ्याच्या सिनेमातला एक पाठलाग शेवटपर्यंत बघितला. नवऱ्याला वाटलं हिला ताप आला. तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मग सांगून टाक की थोरलीला.” ती म्हणाली, “आणि उद्या लोक म्हणतील, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग माझ्या पार्लरमध्ये कोण तोंड उघडेल?” नवरा म्हणाला, “मग नको सांगू.” बसवाल्याचं उत्तर. थांबा आला की थांबायचं, नाही तर पुढे जायचं. तिला मात्र थांबवेना आणि पुढेही जाववेना. रविवारी एक बहीण जाणार, दुसरीला पत्ता नाही, आणि ही दोघींच्या डोक्याला हात लावणारी एकटी शहाणी मधे मूग गिळून बसलेली.

मंगळवारी ग्रंथपालबाई आल्या आणि खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, “आज कापूनच टाक. खांद्यावर आलेत, हात वर करून विंचरता येत नाही. कानापर्यंत ठेव.” पार्लरवालीने केस धुतले, भांग पाडला, डावी बाजू क्लिपांनी वर अडकवली आणि उजवीकडून सुरुवात केली. हात सराईतपणे चालत होते, डोकं मात्र भलतीकडेच होतं. बाई नेहमीप्रमाणे वाट बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनीच विचारलं, “मग? हॉटेलवालीबद्दल काय म्हणतायत लोक?”

पार्लरवालीने मनात चाचपडलं आणि हाताला लागलं ते मत पुढे केलं. “एक जण म्हणत होत्या, त्या नवऱ्याला बायकोने दाराबाहेरच उभं करायला हवं होतं. दहा वर्षांनी आला तर आला. दार लावून घ्यायचं.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे काकूंचं नाही. हे तर बाईंचंच, गेल्या मंगळवारचं, शब्दाला शब्द तेच. आता बाई म्हणणार, अगं, हे तर मीच म्हटलं होतं.

बाई खुर्चीत ताठ झाल्या. “काहीतरीच,” त्या म्हणाल्या. “हिला म्हणजे नेहमी टोकाचंच सुचतं. माणूस का गेला हे विचारायचं तरी की नाही? ऐकून न घेता दार लावून घ्यायचं? लोकं अशी कशी गं दगड असतात? आधी बसवायचं, विचारायचं, पटलं नाही तर मग…”

आणि त्या थांबल्या. आरशात त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल होत गेला. पार्लरवाली आरशातून त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. बाई त्या ‘एक जणी’शी भांडत होत्या. मत कुठलं का असेना, ते धाकटीचं आहे एवढं धरून त्या दोन वर्षं दर मंगळवारी इथे येऊन तिच्याशी वाद घालत होत्या. आणि काकू? गुरुवारी डोळे उघडून ‘असं म्हणत होत्या?’ म्हणणाऱ्या काकू? त्यांनाही ठाऊक होतं. न कळणारी एकच होती, निरोप पोचवणारी. पार्लरवालीला स्वतःच्या मठ्ठपणाचं इतकं हसू आलं की तिला कात्री खाली ठेवावी लागली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी घसा खाकरला. “ते मीच म्हटलं होतं, नाही का?”

“हो.”

“मग… तिने काय म्हटलं होतं?”

दोन वर्षांत पहिल्यांदा ‘एक जण’ जाऊन ‘ती’ आली होती. नियमाप्रमाणे पार्लरवालीने म्हणायला हवं होतं, कोण ती? ती म्हणाली, “त्या म्हणाल्या, आत घ्यावं. आधी गरम काहीतरी पाजावं, मग विचारावं.”

बाईंनी मान हलवली. पार्लरवालीच्या जिभेच्या टोकावर रविवार येऊन बसला होता. तिने तो गिळला. वचन दिलं होतं. पण वचन जिभेचं असतं, हातांचं नसतं. तिने उजवी बाजू कानापर्यंत व्यवस्थित कापून सारखी केली, डाव्या बाजूच्या क्लिपा काढल्या, ते खांद्यावर येणारे केस नीट विंचरले, आणि कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

“झालं?” बाईंनी आरशात बघितलं. एका बाजूने त्या शाळकरी मुलासारख्या दिसत होत्या आणि दुसऱ्या बाजूने जुन्या ग्रंथपालबाईंसारख्या. “हे काय?”

“कात्री बोथट झाली, बाई. धार लावून आणावी लागेल. गुरुवारी या, संध्याकाळी. उरलेलं करते.”

आरशाशेजारच्या भिंतीवर खिळ्यांना ओळीने कात्र्या लटकत होत्या, लहानमोठ्या, सगळ्या चकचकीत. बाईंनी त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितल्या. गुरुवार कुणाचा असतो ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. ही बाई आता उठून आपल्या नावाने खडे फोडणार, अख्ख्या रस्त्याला सांगणार, असं तिला वाटलं.

“झाली असेल बोथट,” बाई म्हणाल्या, आणि पिशवीतून स्कार्फ काढून डोक्याला गुंडाळला.

गुरुवारी पार्लरवालीने दुपारीच दुसऱ्या खुर्चीवरचा टॉवेलांचा ढीग उचलून आत नेला आणि खुर्ची पुसली. काकू आल्या, त्यांनी ती रिकामी खुर्ची बघितली आणि केस धुवायला मान मागे टाकली. त्यांचे केस धुऊन, डोक्याला टॉवेल बांधून त्यांना बसवते न बसवते तोच दार उघडलं. बाई आत आल्या, धाकटीकडे न बघता सरळ चालत गेल्या आणि दुसऱ्या खुर्चीत बसल्या.

“आणलीस धार लावून?”

“आणली, बाई.”

बाईंनी स्कार्फ काढला. काकू आरशातच बघत होत्या. त्यांनी आधी डोळे मोठे केले, मग गाल आत ओढले, मग टॉवेलचं टोक तोंडात धरलं. खांदे मात्र हलायचे थांबेनात. बाई समोरच्या आरशात स्वतःकडे एखाद्या राणीसारख्या बघत राहिल्या.

पार्लरवालीने बाईंच्या गळ्याभोवती अंगभर कापडाचा केप बांधला आणि कात्री हातात घेतली. कुणीच बोलेना. ती शांतता तिला सोसेना, म्हणून तिने जे तिला येत होतं तेच केलं. “हॉटेलवाली बघितलीत का काल?”

“बघितली,” दोघी एकदम म्हणाल्या.

“त्या नवऱ्याला स्वयंपाकघरात भांडी घासायला लावलं ते उत्तम केलं,” बाई पार्लरवालीला म्हणाल्या.

“यांना सांग,” काकू पार्लरवालीला म्हणाल्या, “भांडी तो आपणहून घासत होता. कुणी लावलं नव्हतं. नीट बघत जा म्हणावं.”

“यांना सांग, बायको दारात हात बांधून उभी होती, त्याला लावणंच म्हणतात.”

“ती दारात उभी होती कारण तिला तो पुन्हा निघून जाईल अशी भीती होती.” काकूंनी डोक्यावरचा टॉवेल घट्ट केला. “तूच सांग गं, तुझं काय म्हणणं? लावलं की आपणहून?”

दोघींनी आरशातून तिच्याकडे बघितलं. खुर्चीत जो बसलाय त्याचं खरं. आता दोन्ही खुर्च्यांत माणसं बसलेली. शिकवणाऱ्या बाईने यावर काही सांगून ठेवलं नव्हतं. पार्लरवालीने एकदा उजवीकडे बघितलं, एकदा डावीकडे, आणि तिची ततपप झाली.

“मी… मी ती बघितलीच नाही,” ती म्हणाली.

“कालचा भाग?”

“मालिका. मी कुठलीच बघत नाही. मला झोप लागते.”

काकूंनी आपली खुर्ची गर्रकन वळवली. “कुठलीच? मग त्या दंतवैद्याच्या सिनेमातला खुनी पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येतो म्हणालीस ते?”

“ते बाईंचं.”

“आणि खुनाच्या सिनेमात इतका सुंदर सोफा ठेवू नये, लक्ष तिकडेच जातं, हे?” बाईंनी विचारलं.

“ते काकूंचं.”

“त्या गाण्याच्या स्पर्धेतला मधला परीक्षक रडतो ते खोटं रडतो, हे?”

“तेही काकूंचं.”

“म्हातारा लंगडायचं सोंग करतो?”

“बाईंचं.”

“ते मला तेव्हाच कळलं होतं,” काकू म्हणाल्या. “जिन्यावर पाय बदलतो हे ताईशिवाय कुणाच्या लक्षात येणार?”

‘ताई’ हा शब्द निघून गेला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर खाली ओढलं. बाईंनी केपच्या आतून खुर्चीचा हात धरला आणि खुर्ची हळूच वळवली. दोघी पहिल्यांदा आरशाशिवाय समोरासमोर आल्या, एकीच्या डोक्यावर टॉवेल, दुसरीचे केस अर्धे.

“चिमे,” बाई म्हणाल्या. साठीला आलेल्या काकूंना या नावाने हाक मारायला जगात आता एवढंच एक माणूस उरलं होतं. “तो शेवटचा भाग तू का बघितलास गं?”

काकूंनी कपाळावर आलेला टॉवेल मागे सारला.

“तुला सकाळी आत नेलं,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यात एकालाच थांबू देत होते, म्हणून तुझा मुलगा थांबला आणि मी तुझ्या घरी येऊन फोनची वाट बघत बसले. म्हणाले होते दुपारपर्यंत होईल. दुपार झाली, फोन नाही. चार वाजले, फोन नाही. तुझा चष्मा टेबलावर, तुझ्या चपला दारात, आणि घरात कसलाही आवाज नाही. मला वेड लागायची पाळी आली. म्हणून टीव्ही लावला. तो कप्तान बोलतो ना, तो आवाज तुझ्याबरोबर ऐकलेला होता, म्हणून तो लावला. डोळे गच्च मिटून बसले होते ताई. एक चित्र बघितलं नाही, शब्द कानावर पडत होते ते कळत नव्हते. मधेच तुझ्या मुलाचा फोन आला की तू शुद्धीवर आलीस, तर मी तिथेच खाली बसून रडले. तो भाग तसाच चालू राहिला. ते जहाज पोचलं की बुडालं, मला आजही ठाऊक नाही.”

“मग मी विचारलं तेव्हा ‘हो’ का म्हणालीस?”

“तू असली फुरंगटून बसली होतीस उशांवर. मला वाटलं, भांडतेय म्हणजे बरी झाली. भांडू दे चार दिवस. मग तू माझा फोनच उचलेनास. मग मलाही राग आला. मला वाटलं, एवढंसं विचारता आलं नाही हिला, का म्हणून.”

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांना पुसता येत नव्हतं, कारण दोन्ही हात केपच्या आत अडकले होते. काकूंनी आपल्या डोक्यावरचा टॉवेल सोडला आणि त्याने थोरलीचं तोंड पुसलं, जरा जास्तच जोरात, भट्टीवरचा ओटा पुसावा तसं. पार्लरवालीही रडत होती. तिला आनंद झाला होता, आणि तो लपवायचं तिला काही कारण नव्हतं.

“मी रविवारी चाललेय, ताई,” काकू म्हणाल्या. “मुलाकडे. कायमची.”

बाईंचा चेहरा आधी काहीच न समजल्यासारखा झाला. मग त्या हळूच पार्लरवालीकडे वळल्या. “तुला ठाऊक होतं?”

“होतं, बाई.”

“म्हणून कात्री बोथट झाली.”

“हो.”

बाईंनी मान खाली घातली. पार्लरवालीला वाटलं, आता यांना सावरायला वेळ द्यावा, तोवर उरलेली बाजू कापून घ्यावी. तिने कंगवा उचलला. पण बाईंनी केपखालून कसेबसे हात बाहेर काढून मानेमागची गाठ सोडायला सुरुवात केली होती.

“अगं, अर्धेच झालेत,” काकू म्हणाल्या. “कापून तर घे. अशी कशी जाणार रस्त्याने?”

“केस कुठे पळून चाललेत?” बाई उठत म्हणाल्या. “ते सोमवारीही कापता येतील. पळून तू चालली आहेस. चल, ऊठ. आज गुरुवार, उद्या, परवा. जहाज पहिल्यापासून बघायचं म्हटलं तर आत्ता घरी पोचायला हवं.”

“माझे केस ओले आहेत.”

“माझ्या घरी वाळतील.”

काकू उठल्या. स्कार्फ खुर्चीतच राहिला, तो पार्लरवालीने उचलून पुढे केला, पण बाईंनी तो पिशवीत कोंबला आणि अर्ध्या डोक्यानिशी दार उघडलं. पायरीवर त्या थांबल्या, कारण काकूंचा गुडघा उतरताना कुरकुरतो आणि त्यांना हात लागतो. हात दिला गेला. मग त्याच हाताला धरून काकू म्हणाल्या की पहिल्यापासून कशाला, पहिले भाग रटाळ आहेत, वादळापासून सुरू करू. बाई म्हणाल्या, वादळाआधी त्या खलाशाचं काय झालं ते आठवत नसेल तर वादळाला अर्थ काय? काकू म्हणाल्या, खलाशी मेला. बाई म्हणाल्या, मेला नव्हता. रस्त्याने जाणारी दोन माणसं वळून बाईंच्या डोक्याकडे बघत होती आणि दोघींपैकी एकीलाही त्याचं काही नव्हतं.

पार्लरवाली दारात उभी होती. खलाशी मेला की नाही, जहाज पोचलं की बुडालं, हे सगळं तिला इतक्या गिऱ्हाइकांकडून ऐकून पाठ होतं. दोघी रस्ता ओलांडून कोपऱ्यावर वळेपर्यंत वाद घालत होत्या, आणि तिचं मत काय, हे दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.